काळा मार्लिन काळा नसतो: भाल्यासारख्या चोचीचे हे मासे ओळखायचे कसे?

बंदरावरच्या लाकडी कमानीला शेपटीने उलटा टांगलेला मासा आणि शेजारी रॉड धरून उभा असलेला माणूस. माणूस माशाच्या निम्म्यानेही भरत नाही. असा फोटो कुठे छापून आला की खाली लिहिलेलं असतं, ‘अमुक किलोचा ब्लॅक मार्लिन’. तोच फोटो दुसरीकडे ‘ब्लू मार्लिन’ म्हणून येतो, आणि तिसरा कुणी सरळ ‘स्वोर्डफिश’ म्हणून मोकळा होतो. वाचणाऱ्याने समजायचं काय? फोटोतला मासा तर राखाडी आहे.

घोळाचं मूळ नावांत आहे. काळा, निळा, पांढरा, पट्टेवाला अशी या माशांची नावं रंगांवरून पडली, आणि त्यांच्या अंगावरची सगळ्यात बेभरवशाची गोष्ट कोणती, तर रंग. मार्लिन ओळखायचा तो परांवरून. काही वेळा तर डोळ्यांनी नव्हे, हाताने.

## आधी तलवार मासा बाजूला काढू

वरचा जबडा लांब होऊन भाल्यासारखा पुढे आलेल्या माशांची दोन कुळं आहेत. एका कुळात एकटा तलवार मासा, म्हणजे स्वोर्डफिश. दुसऱ्यात मार्लिन, शिडासारख्या पराचा सेलफिश आणि स्पिअरफिश. फरक सोपा आहे. तलवार माशाची ‘तलवार’ खरोखरच पात्यासारखी चपटी असते. मार्लिनचा भाला आडवा कापला तर गोलसर निघेल. तलवार माशाला पोटाखालचे पर नसतात आणि मोठेपणी अंगावर खवलेही राहत नाहीत. मार्लिनला दोन्ही असतात, पोटाखालचे पर मात्र दोन बारीक दोऱ्या लोंबाव्यात तसे. एवढं पाहिलं की तलवार मासा बाजूला होतो आणि खरी अडचण सुरू होते.

## नावं रंगाची, पण रंग टिकत नाही

मार्लिनच्या कातडीत रंगपेशी असतात आणि मासा उत्तेजित झाला की त्या काम करू लागतात. आमिषामागे लागलेला मार्लिन अक्षरशः पेटल्यासारखा दिसतो: पाठ जांभळट निळी, बाजूंवर फिकट निळे पट्टे, पराच्या कडा चमकणाऱ्या. हे पट्टे फक्त पट्टेवाल्याच्या अंगावर असतात असं समजू नका. निळ्याच्या अंगावरही पंधराएक उभ्या फिकट रांगा असतात. मासा मेला की थोड्याच वेळात हा सगळा थाट उतरतो आणि पाटीसारखा करडा रंग उरतो. पट्टेवाल्याचे पट्टे त्यातल्या त्यात जास्त टिकतात, एवढंच.

नावांची गंमत पुढेच आहे. निळ्या मार्लिनच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द ‘निग्रिकान्स’, म्हणजे लॅटिनमध्ये काळसर. जपानीत याच निळ्या मार्लिनला ‘कुरोकाजिकी’ म्हणतात, त्यातला ‘कुरो’ म्हणजे काळा. आणि आपण ज्याला काळा मार्लिन म्हणतो त्याचं जपानी नाव ‘शिरोकाजिकी’, म्हणजे पांढरा! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. जपानी कोळ्यांचं चुकलं असं मात्र मला वाटत नाही. त्यांनी मासा उतरवल्यावर पाहिला, इंग्रजी बोलणाऱ्यांनी बहुधा पाण्यात.

या घोळात मोठमोठी माणसं सापडली. क्युबाजवळ वर्षानुवर्षं मार्लिन पकडणाऱ्या अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाचा १९३० च्या दशकातला अंदाज असा होता, की पांढरा, पट्टेवाला, निळा आणि काळा हे वेगवेगळे मासे नसून एकाच माशाचे वयाचे, लिंगाचे आणि रंगाचे भेद असावेत. अंदाज चुकला, पण माणूस नुसता बोलून थांबला नाही. १९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेस’मधले चार्ल्स कॅडवालेडर आणि मत्स्यशास्त्रज्ञ हेन्री फाउलर हवानाला आले आणि हेमिंग्वेच्या बोटीवर त्यांनी ताजे मासे पाहिले. पुढच्या वर्षी फाउलरने एका काटेरी माशाला हेमिंग्वेचं नाव दिलं: ‘निओमेरिन्थे हेमिंग्वेयी’. मार्लिनशी त्या माशाचा काही संबंध नाही.

## पहिला प्रश्न: समुद्र कोणता?

माशाला हात लावण्याआधी तो कुठे सापडला ते विचारा. निम्मं काम इथेच होतं.

पांढरा मार्लिन फक्त अटलांटिक आणि त्याला लागून असलेल्या समुद्रांत असतो. काळा आणि पट्टेवाला हे हिंदी आणि प्रशांत महासागरांतले. काळा क्वचित आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून अटलांटिकमध्ये भरकटतो, पण ते अपवादच. निळा मात्र तिन्ही महासागरांच्या उबदार पाण्यात सापडतो. म्हणजे बहामाजवळ पकडलेला चारशे किलोचा मार्लिन जवळपास नक्की निळा. ऑस्ट्रेलिया, हवाई किंवा मॉरिशसला मात्र काळा, निळा आणि पट्टेवाला असे तिन्ही उमेदवार समोर असतात आणि खरी परीक्षा तिथे असते.

## काळा: न मिटणारा पर

बोटीच्या कडेला मासा आला की एक जण जाड हातमोजे घालून लीडर पकडतो. लीडर म्हणजे गळाच्या जवळचा, दोराचा शेवटचा दणकट तुकडा. मासा शांत झाला की तो एका हाताने भाला धरतो आणि दुसऱ्या हाताने छातीजवळचा पर मागे, अंगाकडे दाबतो. मासा निळा किंवा पट्टेवाला असेल, तर पर मिटलेल्या पंख्यासारखा अंगाला चिकटतो. काळा असेल, तर पर थोडा हलतो आणि अडतो, आतून अडसर घातलेल्या दारासारखा. आणखी रेटलं तर सांधा मोडेल, पण पर मिटणार नाही. म्हणून रेटायचं नाही. अडला, उत्तर मिळालं.

काळ्याचा हा पर विमानाच्या पंखासारखा घडलेला असतो, वरून फुगीर आणि कडेला निमुळता. मार्लिनच्या बाकी कुठल्याही प्रजातीचा पर असा ताठ नसतो. सगळ्या खुणांत मी सर्वाधिक विश्वास यावर ठेवीन. एकच काळजी घ्यायची: लहान पिल्लांत हा ताठपणा पुरता आलेला नसतो.

फोटोवरून ओळखणारे नेमके इथे फसतात. उडी मारलेल्या माशाच्या फोटोत पर बाजूला पसरलेले दिसले की लगेच ‘काळा’ म्हणून शिक्का बसतो. पण निळाही उडी मारताना पर पसरतोच की! पसरलेला पर काहीच सिद्ध करत नाही. उलट, फोटोतल्या मोठ्या माशाचा पर अंगाला चापून बसलेला दिसला, तर तो काळा नाही हे पक्कं. पुरावा एकाच बाजूने चालतो. छत्री उघडी दिसली म्हणून ती मिटत नाही असं कुणी म्हणत नाही.

काळ्याची शरीरयष्टीही सांगून जाते: डोक्यामागे उंच वशिंडासारखा खांदा, भरीव धड, आणि त्या मानाने आखूड, जाड भाला.

## निळा की पट्टेवाला? पाठीवरचा पर मोजा

पर मिटला म्हणजे काळा बाद. आता पाठीवरचा पहिला पर पाहायचा. तो पाठीवरच्या खाचेत मिटून बसलेला असतो, म्हणून हाताने उभा करावा लागतो. मग त्याच्या पुढच्या टोकाची उंची घ्यायची आणि माशाचं धड जिथे सर्वांत खोल आहे, तिथल्या पाठ ते पोट या मापाशी ताडून पाहायची. फूटपट्टी लागत नाही, दोरीचा तुकडाही पुरतो.

काळ्याचा पर धडाच्या खोलीच्या निम्म्याहून बुटका. निळ्याचा निम्म्याहून उंच, पण पूर्ण खोलीएवढा नाही. पट्टेवाल्याचा धडाच्या खोलीएवढा किंवा त्याहूनही उंच. मी हे असं लक्षात ठेवतो: काळ्याची टोपी, निळ्याचा फेटा, पट्टेवाल्याचा तुरा.

मापात चूक होऊ शकते. परांची टोकं झुंजीत फाटतात. मासा टांगला की धडाचा आकार बदलतो. अगदी मोठ्या, अंगाने भरलेल्या पट्टेवाल्यात हे प्रमाण जरा घसरतंही. अशा वेळी धडाकडे बघा: पट्टेवाला दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा सडपातळ असतो, निळा ओंडक्यासारखा गोल.

आणि तरीही शंका राहिली तर पार्श्वरेषा. माशाच्या बाजूवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी ही संवेदनांची रेघ, तिने माशाला पाण्यातली हालचाल कळते. पट्टेवाल्यात आणि पांढऱ्यात ती एकेरी असते, शिवणीच्या टाक्यासारखी. निळ्यात मात्र तिचं जाळं झालेलं असतं, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीसारखं. निळा मोठा झाला की हे जाळं जाड कातडीत आणि खवल्यांत दडतं. मग कातडी वाळेपर्यंत थांबावं लागतं किंवा खवले काढावे लागतात, जे जिवंत सोडायच्या माशावर करता येत नाही.

## ‘एवढा मोठा आहे, म्हणजे काळाच असणार’

नाही. हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४५४ किलोंच्या वर गेलेल्या माशाला या खेळात ‘ग्रँडर’ म्हणतात, आणि काळा व निळा असे दोन्ही ग्रँडर होतात. रॉड-रीलवरचा अधिकृत विक्रम काळ्याचा आहे: ७०७.६ किलो, पेरूमधल्या काबो ब्लांकोजवळ, ४ ऑगस्ट १९५३, पकडणारा आल्फ्रेड ग्लासेल. सत्तर वर्षं उलटून गेली तरी तो मोडलेला नाही. निळ्याचा अटलांटिकमधला विक्रम ६३६ किलोंचा, ब्राझीलच्या व्हिटोरियाजवळचा, १९९२ चा. पण हवाईतल्या ओआहू बेटाजवळ १९७० मध्ये एका भाड्याच्या बोटीवर १,८०५ पौंडांचा, म्हणजे जवळपास ८१९ किलोंचा निळा निघाला होता. रॉड एकाहून जास्त जणांनी हाताळला म्हणून तो विक्रमांच्या यादीत नाही. वजनकाट्याला नियम ठाऊक नसतात, म्हणून माझ्या लेखी मोठा निळाच.

आणखी एक गोष्ट ऐकून लोक चकित होतात: हे अवाढव्य मासे सगळे माद्या असतात. निळ्याचा नर साधारण दीडशे किलोंच्या पुढे सहसा जातच नाही. काळ्यातही तीच तऱ्हा. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या कडेला, केर्न्स ते लिझार्ड बेट या पट्ट्यात, काळे मार्लिन विणीसाठी जमतात. तिथे एका प्रचंड मादीच्या मागे लहानखुरे नर फिरताना दिसले, तर ती तिची पिल्लं नव्हेत.

वजन उलट्या दिशेने मात्र उपयोगी पडतं. पट्टेवाल्याचा विक्रम २२४.१ किलोंचा, न्यूझीलंडच्या टुटुकाकाजवळचा, १९८६ चा. म्हणजे तीनशे किलोंचा ‘पट्टेवाला’ कुणी सांगितला तर मान डोलावू नका. झेन ग्रे या अमेरिकन लेखकाने १९३० मध्ये ताहितीजवळ १,०४० पौंडांचा मार्लिन काढला. शार्कांनी लचके तोडलेल्या अवस्थेतही तो हजाराच्या वर भरला. अंगावरचे पट्टे पाहून त्याने त्याला ताहितीचा राक्षसी पट्टेवाला मार्लिन ठरवलं. आज तो निळा मानला जातो. ताज्या निळ्याचे पट्टे कसे फसवतात, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

## पांढऱ्याचा तोतया

अटलांटिकमध्ये निळा आणि पांढरा वेगळे करणं तुलनेने सोपं. पांढरा लहान, विक्रमच ८२.५ किलोंचा, आणि त्याच्या परांची टोकं गोल असतात. निळ्याची अणकुचीदार. पण पांढऱ्याच्या वेषात दुसराच मासा हिंडतो: राउंडस्केल स्पिअरफिश.

मदेरा बेटांवरच्या माशांचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड लो यांनी १८४० च्या सुमारास याचं वर्णन केलं होतं. पण पुढची दीडेकशे वर्षं तो खरोखर वेगळा आहे की नाही यावरच शंका घेतली गेली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मासेमार चौकोनी टोकाच्या पराचा कुणी पांढरा मार्लिन मिळाला की त्याला ‘हॅचेट मार्लिन’, म्हणजे कुऱ्हाड मार्लिन म्हणत आणि पुढे जात. २००६ मध्ये डीएनए आणि शरीररचना या दोन्हींच्या आधारे सिद्ध झालं, की ही स्वतंत्र प्रजाती आहे आणि ती अमेरिकेजवळच्या पाण्यातही आहे.

दोघांना वेगळं करणारी खात्रीची खूण जरा संकोचाची आहे. मासा उलटा करून गुदद्वार पाहायचं. पांढऱ्यात ते पोटाखालच्या, शेपटीकडच्या पराला खेटून असतं. राउंडस्केलमध्ये ते पराच्या बरंच पुढे, मधे मोकळी जागा सोडून असतं. नावात ‘राउंडस्केल’ आहे कारण त्याच्या खवल्यांचं पुढचं टोक गोलसर असतं, पण खवला उपटून पाहण्यापेक्षा पहिली तपासणी माशालाही सोयीची.

## एवढा कीस कशाला पाडायचा?

शेवटी सोडूनच द्यायचा मासा, मग कुठला का असेना, असं वाटणं साहजिक आहे. विक्रम आणि स्पर्धांतली बक्षिसं सोडून देऊ, तो हौशी लोकांचा प्रश्न. पण माशांची मोजदाद याच नोंदींवर चालते. पांढऱ्या मार्लिनची संख्या घटली म्हणून अमेरिकेत त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली घ्यावं अशी मागणी झाली होती. आता विचार करा: ‘पांढरा’ म्हणून लिहिलेल्या नोंदींत राउंडस्केल मिसळलेले असतील, तर खरे पांढरे किती उरले? दोन खाती एकाच वहीत लिहिली की एकात तूट आहे हे कळतच नाही. २००६ नंतर जुन्या नोंदींकडे म्हणूनच नव्याने पाहावं लागलं.

कायद्यालाही प्रजाती लागते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर निळा ठेवायचा तर तो किमान ९९ इंच हवा. पांढऱ्याला ६६ इंच पुरतात. राउंडस्केललाही तोच ६६ चा नियम लावलाय, त्यामुळे तिथे निदान हा एक वाद मिटला. माप खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत घेतात. भाला मोजत नाहीत, कारण तो मोडतो.

## मग डीएनए तपासून मोकळं का होत नाही?

परातला नखाएवढा तुकडाही डीएनएला पुरतो आणि वादग्रस्त माशांसाठी तो घेतातही. पण निकाल येतो प्रयोगशाळेतून, आणि मासा बोटीशेजारी असतो मिनिटभर. सोडायचा की ठेवायचा, टॅगच्या, म्हणजे माशाला लावून सोडायच्या खूणचिठ्ठीच्या, कार्डावर कुठलं नाव लिहायचं, हे तिथेच ठरतं. म्हणून फोटो काढायचेच तर भाला हातात घेऊन हसणाऱ्या माणसाचा एक आणि उरलेले माशाचे: पूर्ण बाजू, पाठीवरचा पर उभा करून, छातीजवळचा पर मागे दाबताना. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून.

डीएनएने शास्त्रज्ञांची वहीही बदलली. पूर्वी काळा आणि निळा एका गटात होते. २००६ मधल्या फेरमांडणीत काळा एकटाच वेगळ्या गटात गेला, ‘इस्टिओम्पॅक्स इंडिका’ या नावाने. पट्टेवाला आणि पांढरा ‘काजिकिया’ या गटात शेजारी आले. जुन्या पुस्तकात वेगळं नाव दिसलं तर पुस्तक खोटं नाही, जुनं आहे.

## निळा एक की दोन?

पार्श्वरेषेच्या जाळ्यात फरक दिसला म्हणून अटलांटिकचा निळा आणि हिंदी-प्रशांतचा निळा बराच काळ दोन प्रजाती मानले जात. हिंदी-प्रशांतमधल्या जाळ्याची वीण साधी असते. पण डीएनएत तेवढी फारकत सापडली नाही. अटलांटिकमध्ये एक खास स्थानिक वंशरेषा दिसते खरी, पण तिच्या जोडीला प्रशांतमधलीही सापडते. आता बहुतेक शास्त्रज्ञ निळा एकच मानतात.

खेळाच्या विक्रमांची नोंद ठेवणारी ‘इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन’ मात्र अजून दोन खाती ठेवते, एक अटलांटिकच्या निळ्याचं आणि एक प्रशांतच्या निळ्याचं. हवाईच्या कोनाजवळ १९८२ मध्ये मिळालेला ६२४ किलोंचा निळा म्हणूनच व्हिटोरियाच्या माशाहून हलका असूनही विक्रमवीर आहे. सीमारेषा माशांना ठाऊक नाही, ही अडचण. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यासमोर टॅग लावून सोडलेला एक निळा पुढे हिंदी महासागरात मॉरिशसजवळ सापडला. तो मासा विक्रमी वजनाचा असता आणि डेलावेअरला काट्यावर चढला असता, तर अटलांटिकच्या खात्यात गेला असता. मॉरिशसला चढला असता, तर प्रशांतच्या.